पोस्टकार्डाएवढं अंगण

“ताई, तुम्ही चित्रं काढता, कागदाच्या वस्तू करता, ते वाचायला बरं वाटतं. पण रात्री ओटा पुसून झाला की आमच्यात फडकं वाळत टाकण्याचंही त्राण उरत नाही. चित्रं काढायची कधी?”

एका मैत्रिणीचं हे पत्र परवा आलं. वाचून हसू आलं आणि थोडी ओशाळलेही. कारण खरं सांगायचं तर रात्री ओटा पुसून झाल्यावर मीही चित्र काढत नाही. सरळ झोपते.

मी चित्र काढते ते दुपारी, साडेबारा ते सव्वा. शाळेतली माझी नोकरी अर्धवेळ. सकाळचे चार तास मराठी आणि इतिहास शिकवून घरी येते, कुकर लावते, आणि मुलं यायच्या आत जो पाऊण तास मिळतो तो माझा. पाऊण तासात मोठं चित्र होत नाही, म्हणून लहान काढते. पोस्टकार्डाएवढं. १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद. एवढ्याशा कागदावर एक चिमणी काढली आणि तिच्या पायाखाली एक फांदी काढली की कागद भरला! शिवाय एक पूर्ण झालेली वस्तू हातात येते. मैत्रिणींनो, आपल्या घरकामात पूर्ण झालेली वस्तू अशी नसतेच. सकाळी घासलेली भांडी संध्याकाळी पुन्हा खरकटी होतात. चित्रातली चिमणी मात्र दुसऱ्या दिवशीही जागच्या जागी असते.

मी काही चित्रकार नाही, हे आधीच कबूल करते. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. पहिलीत ‘क’ श्रेणी, दुसरीत ‘ब’. संकल्पचित्र बरं जमायचं, पण वस्तुचित्राला ठेवलेला माठ माझ्या कागदावर आला की एका अंगाला कलंडायचा. पुढे बी.ए. झाले, लग्न झालं, साताऱ्याला आले. माहेरून आणलेली रंगांची पेटी माळ्यावर गेली ती अकरा वर्षं तिथेच. खाली काढली तेव्हा बाटल्यांमध्ये वाळलेल्या चिखलासारखे खडे होते.

काढायचं निमित्त झालं ते मुलीच्या प्रकल्पाचं. चौथीत होती. ‘वारली चित्र काढून आणा’ असं शाळेतून सांगितलेलं, आणि हे कळलं रात्री नऊ वाजता. मुलगी झोपली, प्रकल्प आईने पुरा केला. (स्वतः शिक्षिका असून हे लिहिते आहे. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी हे पान वाचू नये!) पण त्या रात्री त्रिकोणाला त्रिकोण जोडून माणसं काढताना, त्यांचा तारपा नाच गोल फिरवताना, अकरा कधी वाजले ते कळलं नाही. सकाळी उठले तेव्हा अंग दुखत होतं आणि मन मात्र, कसं सांगू, धुतल्यासारखं होतं.

आता थोडं साहित्याविषयी, कारण तुमच्या पत्रांत तो प्रश्न हटकून असतो. कागद विकत आणू नका, निदान सुरुवातीला तरी. घरात आलेल्या लग्नपत्रिका असतातच. त्यांच्या आतला जाड, कोरा, न चकाकणारा भाग कापून घ्या. चकचकीत बाजूवर रंग धरत नाही. मागाहून हौस वाढली तर हातकागद घ्या. पुण्याला शिवाजीनगरला हातकागदाची संस्था आहे, तिथे सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला कागद मिळतो. पोस्टर कलरच्या पांढरा, काळा, पिवळा, लाल आणि निळा एवढ्या पाच बाटल्या पुष्कळ झाल्या. ब्रश दोनच, एक शून्य नंबरचा आणि एक चार नंबरचा. ब्रश पाण्याच्या पेल्यात केसांवर उभा करून ठेवू नका. काम झालं की धुवून, बोटांनी टोक नीट करून, केस वर राहतील असा ठेवा. माझे पहिले दोन ब्रश मी असेच झाडूसारखे करून टाकले.

गेरूची जमीन हवी असेल तर कुंभाराकडचा किंवा किराणा दुकानातला गेरू वस्त्रगाळ करा. नुसत्या पाण्यात कालवला तर वाळल्यावर हाताला लागतो, म्हणून त्यात थोडा फेविकॉल घाला. आणि एक गंमत. पुठ्ठ्याला एकाच बाजूने गेरू लावला की तो पापडासारखा वळतो. मी आधी इस्त्री फिरवून पाहिली, काही उपयोग झाला नाही. मग लक्षात आलं की मागच्या बाजूलाही तसाच एक हात द्यायचा. दोन्हीकडून सारखी ओढ बसते आणि पुठ्ठा सरळ राहतो. वाळत आला की जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवायचा. आमच्याकडे शब्दकोशाचा सर्वांत जास्त उपयोग सध्या हाच आहे.

दुसरी फजिती तांदळाच्या पिठाची. वारली बायका भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र लिहितात, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा ब्रश करतात, असं वाचलेलं. म्हटलं, आपणही अस्सल करू. पीठ वाटलं, डिंक घातला, सुरेख बारा चित्रं काढली आणि हौसेने कपाटात ठेवली. पावसाळ्यानंतर पाहते तो कसरीने माझी माणसं अर्धी खाल्लेली! कुणाचं डोकं गेलं होतं, कुणाचे पाय. त्या दिवसापासून पांढरा पोस्टर कलरच वापरते. चावलेल्या काडीची कल्पना मात्र उत्तम आहे. कडुनिंबाची कोवळी काडी दातांनी चिरडली की पानं-गवत काढायला तिच्यासारखा ब्रश नाही.

“याचं पुढे काय करणार?” असं आमच्या ह्यांनी एकदा विचारलं. वाईट हेतूने नव्हे. हिशेबी माणूस आहेत, वाढत जाणारा ढीग दिसला की त्यांना प्रश्न पडतो. मला उत्तर देता आलं नाही, आणि उत्तर देता येत नाही याचाच राग आला. म्हणून मग मी एक काम घेतलं. ओळखीतल्या एका लग्नात आहेरासोबत द्यायला गणपतीची ५० छोटी कार्डं हवी होती. एकाचे १५ रुपये ठरले. पहिली दहा मजेत झाली. विसाव्या गणपतीला मी सोंड एकदम ओढली आणि मोदकाकडे पाहिलंसुद्धा नाही. चाळिसाव्याला डोकं धरून बसले होते. एका कार्डाला अर्धा तास म्हणजे एकूण २५ तास, मिळाले ७५० रुपये. तासाला तीस रुपये झाले, त्यातून रंग-कागद वेगळा. आमच्या धुण्याभांड्याच्या मावशींना तासाचे यापेक्षा जास्त मिळतात.

ज्यांना चार पैसे मिळवायची गरज आहे त्यांना मी नको म्हणणार नाही, उलट नीट हिशेब करून, आपल्या वेळेचे पैसे धरून भाव सांगा म्हणेन. संकोचाने कमी सांगतो तिथेच आपण फसतो. पण मला स्वतःला ते जमलं नाही. त्या महिन्यात दुपारचा माझा पाऊण तास माझा राहिला नाही, एवढं खरं. पुढे दोन महिने रंगांना हात लावावासा वाटला नाही.

त्या दोन महिन्यांत मी वाचलं. शाळेच्या ग्रंथालयात लोककलांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं, त्यात मधुबनीची हकिकत सापडली. बिहारमधल्या मिथिलेच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घराच्या भिंतींवर चित्रं लिहीत आल्या. लग्न झालं की नवरा-नवरीच्या खोलीत कोहबर काढायचं, त्यात कमळ, बांबू, मासे, पोपट. १९३४ साली तिथे मोठा भूकंप झाला, भिंती कोसळल्या, तेव्हा पाहणी करायला गेलेल्या आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला पडक्या घरांत ही चित्रं दिसली. बाहेरच्या जगाला ती प्रथम कळली ती अशी. मग १९६६-६७ साली बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या आपल्या मराठी चित्रकाराला तिकडे पाठवलं. त्यांनी बायकांना कागद दिले आणि सांगितलं, भिंतीवर लिहिता तेच यावर लिहा. भिंत विकता येत नाही, कागद विकता येतो. दुष्काळात त्या कागदांवर चुली पेटल्या. पुढे हेच कुलकर्णी वारली पाड्यांतही गेले, आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे कागदावर चित्रं काढू लागले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मिथिलेच्या त्या बायकांतल्या गंगादेवींची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मूल नाही, नवऱ्याने दुसरं लग्न केलेलं, अशा स्थितीत त्यांनी चित्रं काढली. १९८४ साली पद्मश्री झाल्या. अमेरिकेला गेल्या तर तिथल्या जत्रेतला तो वरखाली धावणारा पाळणा, रोलर कोस्टर, त्यांनी मिथिलेच्याच रेषेत काढला. पुढे कर्करोग झाला, दिल्लीत उपचार चालू होते, तेव्हा इस्पितळातले अनुभवही त्यांनी चित्रांत आणले. १९९१ साली त्या गेल्या. कोहबर काढायला शिकलेला हात इस्पितळातली खाटही काढू शकला, हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ बसून राहिले.

आणि मग मनात आलं, त्यांची भिंत तशी आपली काय? आपलं अंगण! आपली रांगोळी! चैत्रांगण!

तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल, पण शहरात वाढलेल्या मुलींसाठी सांगते. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि त्या महिनाभर दारात ही रांगोळी काढायची. मखरात किंवा झोपाळ्यावर गौर, वर चंद्र-सूर्य, मग शंख, चक्र, गदा, पद्म, त्रिशूळ, स्वस्तिक, तुळशीवृंदावन, गाईची पावलं, कासव, नाग, हत्ती, फणी-करंडा, आंब्याची डहाळी. कुणाकडे चिन्हं कमी, कुणाकडे जास्त. एकेक चिन्ह एकेका कार्डावर काढलं तर? फाल्गुनाचे दिवस होते. मी गेरूचे पुठ्ठे तयार केले आणि आठवायला बसले. सतरा आठवली. पुढे काही केल्या आठवेनात.

सासूबाई समोरच मेथी निवडत होत्या. त्यांच्याविषयी थोडं सांगायला हवं. वाईजवळच्या खेड्यात त्यांचं सारं आयुष्य गेलं. शेणाने सारवलेलं मोठं अंगण, आणि त्यांचं चैत्रांगण पाहायला आळीतल्या बायका यायच्या. चार वर्षांपूर्वी मामंजी गेले, त्या आमच्याकडे राहायला आल्या. इथे फ्लॅटमध्ये अंगण कुठलं? जिन्यासमोर दोन फरश्या. त्या कधी रांगोळीला बसल्या नाहीत. “गुडघे वाकत नाहीत गं,” म्हणायच्या. गुडघ्यांचं कारण खरंच होतं, डॉक्टरांनीही सांगितलेलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्या आतल्या खोलीत पोथी घेऊन बसत, तेही गुडघ्यांमुळेच असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्याकडे तसलं काही पाळत नाहीत, असं आम्ही सगळे म्हणतो. पण त्यांना एकदाही कुणी सरळ विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

“आई, हत्तीनंतर काय असतं?” मी विचारलं.

मान वर न करता त्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं. मी भराभर लिहून घेतलं, कासव काढायला घेतलं. त्यांनी एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग मेथीचं ताट बाजूला सरकवलं. “असं नाही गं. हे कासव आहे की पुरणपोळी? आण इकडे.”

टेबल-खुर्चीवर बसायचं होतं, गुडघ्यांचा प्रश्नच नव्हता. मी ब्रश दिला तर “हे केसाळ मला नको” म्हणाल्या. चिमटीची सवय त्यांची. मग मी मेंदीचा असतो तसा प्लॅस्टिकचा कोन वळला, त्यात दाटसर पांढरा पोस्टर कलर आणि थोडा फेविकॉल भरला. (ही युक्ती लिहून ठेवा, मैत्रिणींनो. टोक अगदी बारीक कापायचं. रेष थोडी उठावदार येते, थेट रांगोळीसारखी. वाळायला मात्र रात्रभर द्या.) त्यांचा हात थरथरत होता. पहिली रेष वाकडी गेली, कोनातून एक मोठा ठिपका पडला. मला वाटलं, आता ठेवतील. त्यांनी त्या ठिपक्याचं कासवाचं डोकं केलं.

त्या दिवसापासून दुपारचा माझा पाऊण तास आमचा दोघींचा झाला. रोज एक चिन्ह. बोलणं बेताचंच. कधी त्या सांगत, शंखाचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं, फणीला दात किती. एकदा म्हणाल्या, “शेवटच्या वर्षी ह्यांनी खुर्ची अंगणात आणून ठेवली होती. म्हणाले, तू काढ, मी बघत बसतो.” एवढंच म्हणाल्या आणि कोनाचं टोक पुसायला फडकं मागितलं.

चैत्र लागेपर्यंत त्यांची बावीस चित्रं झाली, माझी दहा-बारा. चैत्रातल्या हळदीकुंकवाला वाण द्यायची पद्धत नाही. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची, आंब्याची डाळ आणि पन्हं द्यायचं. पण मी ठरवलं, यंदा प्रत्येकीला एक चित्र द्यायचं. आदल्या दिवशी तबकात सगळी मांडत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “माझी नको घालूस त्यात.”

“रेघ हलली म्हणून?” मी म्हटलं. “मला तर तीच आवडते.”

“रेघेचं नाही गं.” त्या खिडकीकडे पाहत होत्या. “हळदीकुंकवाचं तबक आहे ते.”

मला क्षणभर काही सुचेना. चार वर्षं गुडघे, गुडघे म्हणून आम्ही जे झाकून ठेवलं होतं, ते दोन वाक्यांत समोर आलं. मोठमोठं बोलून त्यांची समजूत घालण्याइतकी मी हुशार नाही. मी माझीही चित्रं तबकातून काढली आणि म्हटलं, “मग राहू दे. नुसते हरभरे देऊ.”

“हट्टी आहेस,” म्हणाल्या. बराच वेळ गप्प होत्या. रात्री मी विचारलं, सरळ विचारलं, “आई, उद्या बाहेर बसाल का? मला बरं वाटेल.” त्यांनी उत्तर दिलं नाही. सकाळी पाहते तो तबकात त्यांची पाच चित्रं आणि माझी पाच, आळीपाळीने लावलेली.

संध्याकाळी बायका आल्या. सासूबाई आतल्या खोलीतच होत्या, पण दार उघडं होतं आणि पोथी मिटलेली होती. चित्रं गेली. कुणी “अय्या, तुम्ही काढलीत?” म्हणाल्या, कुणी पाहिलंही नाही. एकजण आपलं कार्ड सोफ्यावर विसरून गेली. तेवढं मनाला लागलं, खोटं कशाला सांगू? खालच्या मजल्यावरच्या आजींनी मात्र कासव उचललं, चष्मा लावला, उलटसुलट करून पाहिलं.

“हे कुणी काढलं? ठिपक्याचं डोकं आमच्या माहेरी काढायचे.”

मी आत बोट दाखवलं. आजी पन्ह्याचा पेला हातात तसाच धरून आत गेल्या. पाऊण तासाने मी डोकावले तर पन्हं गरम होऊन गेलेलं, आणि दोघी माझ्या उरलेल्या पुठ्ठ्यांवर पेन्सिलीने काहीबाही काढून एकमेकींना दाखवत होत्या.

आता दर बुधवारी आजी वर येतात. दोन कोन भरून ठेवावे लागतात. तुळशीवृंदावनाशेजारचा हत्ती वृंदावनाकडे तोंड करून काढायचा की पाठ करून, यावर गेले तीन बुधवार वाद चालू आहे, आणि दोघींपैकी कुणीही माघार घेत नाही. तुमच्याकडे कसा काढतात, ते जरूर कळवा.